इंजेक्शन दिलेला बोकड कधी विकायचा?

आजारी बोकडाला इंजेक्शन दिलं की औषध काही दिवस त्याच्या मांसात, कलेजीत उरतं. किती उरलेलं चालतं? प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेने अपाय दिसत नाही, तिचा साधारण शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असं धरतात. माणूस दिवसाला ३०० ग्रॅम मांस, १०० ग्रॅम कलेजी खाईल असा हिशोब धरून मर्यादा ठरते. औषध तिच्याखाली उतरायचे दिवस बाटलीवर लिहिलेले असतात. नसतील, तर २०१२ च्या नियमाप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस, दूध-अंड्यांसाठी ७ दिवस थांबायचं. शिजवल्याने औषध जाईलच असं नाही. म्हणून इंजेक्शनची तारीख वहीत लिहा. हप्त्याची घाई असली तरी थांबा. तेच मटण आपल्या गावातल्या लेकरांच्या ताटात जातं.