टाकीतला गंज : साफ करावा की टाकी बदलावी?

जुन्या बजाज चेतकची टाकी पत्र्याची. स्कूटर महिनोन्‌महिने उभी राहिली की अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतल्या दमटपणाचं पाणी साचतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही पाणी शोषतं.

• सफाई : पेट्रोल काढा, कॉक उतरवून भोक बंद करा. पांढरं व्हिनेगर भरून रात्रभर ठेवा. सकाळी मूठभर नट टाकून टाकी खळखळवा. गंजाचे पापुद्रे सुटतात.

• नंतर : खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा, आतून टू-स्ट्रोक ऑइल फिरवा. ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. कॉकची जाळी आणि कार्बोरेटरही साफ करा.

• बदला : जोडावर पेट्रोल पाझरत असेल किंवा पत्र्याला सुईएवढी भोकं असतील, तर टाकी बदला.

• सावधान : रिकाम्या टाकीतल्या वाफेचाही स्फोट होतो. घरी वेल्डिंग कधीही करू नका.