विमान इतकं वरून का जातं?

मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील विमानातल्या पडद्यावर नकाशा बघतात आणि हमखास विचारतात, ‘हे एवढं वर का चाललंय?’ न्यूयॉर्क तर मुंबईच्या पश्चिमेला. अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक ओलांडलं की झालं, असं भिंतीवरचा नकाशा सांगतो. पण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, आणि जवळचा रस्ता तिथे वाकडा दिसतो.

घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा घट्ट ताणून बघा. तो आपोआप वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, स्वीडन, आइसलँड करत ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून तो कॅनडाकडे उतरतो. हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. नकाशावर पट्टीने आखलेल्या रेषेने गेलात तर सुमारे १४,२०० भरेल.

अंतर कळलं म्हणजे वेळ कळली, हा त्याहून पक्का गैरसमज. ताशी ९०० किलोमीटर हा विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोत हिवाळ्यात ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातात. म्हणून अमेरिकेला जाताना वेळ जास्त लागतो, परतताना कमी.

याचं कारण म्हणून पृथ्वीच्या फिरण्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ भेटतात. तसं असतं तर हेलिकॉप्टर हवेत जागच्या जागी थांबवून खालून गावं सरकताना बघता आली असती! वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, हे खरं; पण विमानाला ढकलतो तो वारा.

तो काय करू शकतो, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसलं. एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं, म्हणजे वारा पाठीशी घेतला. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० च्या घरात गेला. तरी विमान साडेचौदा तासांत उतरलं, जुन्या मार्गापेक्षा जवळजवळ दोन तास आधी. मला या साऱ्या विषयातलं हे सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं.

वाऱ्याइतकीच सत्ता सरहद्दींची. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. विमानतळ तेच, त्यांच्यातलं अंतरही तेच. प्रवास मात्र काही तासांनी वाढला.

आता तिकीट. रात्री दोनला मुंबई सोडून सकाळी आठला न्यूयॉर्क, असं त्यावर दिसलं की ‘सहा तासांत पोचलो’ असं वाटू शकतं. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यातला हा प्रवास साडेपंधरा तासांचा. ज्येष्ठांना पाठवताना तिकिटावरचा एकूण कालावधी त्यांना वाचून दाखवा, आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन चालू असेल तर तो आकडा घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.