घरातला केवडा



चुनखडीच्या रानात लोह कमी पडून उसावर केवडा आला की आपण लगेच हिराकस फवारतो. माणसालाही लोह लागते. हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या तांबड्या पेशी लोहाच्या जोरावरच फुफ्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतात. एक पेशी सुमारे १२० दिवस टिकते, म्हणून नवी भरती रोज चालूच हवी.

आमची मंडळी जिना चढताना धापा टाकायची. कामाचा शीण असेल म्हणून मी सोडून दिले. तपासले तर हिमोग्लोबिन ८! बाईमाणसाला १२ तरी पाहिजे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आता पालेभाजीवर लिंबू, आणि जेवणाबरोबर चहा बंद.

उसाचा केवडा बांधावरून दिसतो, घरातला रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा घरच्या लक्ष्मीला प्राथमिक आरोग्य केंद्रात जरूर न्या.