सेकंडरी अँटिबॉडी ‘शुद्ध’ असली म्हणून काय झालं?

‘बाटलीवर अ‍ॅफिनिटी प्युरिफाइड लिहिलंय ना, मग सेकंडरी भलतीकडे चिकटणार नाही.’ प्रयोगशाळेत हे इतक्यांदा कानावर येतं, की आता वैताग येतो. अँटी-माउस सेकंडरी असेल, तर त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की सीरममधल्या ज्या अँटिबॉडी माउसच्या आयजीजीला चिकटल्या, त्या वेचून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी रॅटच्या आयजीजीलाही चिकटतात, कारण दोन्हींची रचना फार जवळची. त्या काढायला क्रॉस-अ‍ॅडसॉर्प्शन ही वेगळी पायरी लागते: रॅटच्या सीरममधली प्रथिनं कॉलममध्ये बांधून ठेवायची, त्यातून अँटिबॉडी सोडायची आणि अडकतील त्या बाद करायच्या.

माउसच्या मेंदूचा काप घ्या. प्रायमरी दोन: अ‍ॅस्ट्रोसाइटसाठी माउसची अँटी-जीएफएपी, रक्तवाहिन्यांसाठी रॅटची अँटी-सीडी३१. पहिलीला हिरवी सेकंडरी, दुसरीला लाल. वाहिन्या पिवळ्या दिसल्या की लगेच ‘को-लोकलायझेशन’ म्हणून वहीत नोंद होते. अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय वाहिन्यांना खरोखरच बिलगलेले असतात, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. पण हिरवी सेकंडरी थेट रॅटच्या अँटिबॉडीवर बसलेली असू शकते. शिवाय परफ्यूजन नीट झालं नसेल, तर वाहिनीत उरलेल्या रक्तात माउसचं स्वतःचं आयजीजी असतं, तेही ती पकडते. पहिल्या गोंधळावर रॅटविरुद्ध अ‍ॅडसॉर्ब केलेली सेकंडरी हा उपाय आहे. दुसऱ्यावर तिचा काही उपयोग नाही. तिथे लेबल नसलेल्या अँटी-माउस फॅब तुकड्यांनी आधी ब्लॉक करावं, किंवा सरळ सशाची अँटी-जीएफएपी घ्यावी.

‘सेकंडरी-ओन्ली कंट्रोल स्वच्छ आला, विषय संपला.’ नाही संपला. त्या स्लाइडवर रॅटची प्रायमरी नसतेच, मग तिच्यावर काय चिकटतं ते दिसणार कसं? प्रत्येक प्रायमरीवर एकदा मुद्दाम चुकीची सेकंडरी लावून बघावी लागते. रिचर्ड बरी यांनी २०११ साली ‘जर्नल ऑफ हिस्टोकेमिस्ट्री अँड सायटोकेमिस्ट्री’त प्रायमरीचे आणि सेकंडरीचे कंट्रोल वेगवेगळे मांडले आहेत. शंका असेल त्यांनी तो लेख वाचावा.

‘ब्लॉकिंगला कुठलंही सीरम चालतं.’ सेकंडरी ज्या प्राण्यात बनली, त्याचंच घ्या. अँटी-गोट सेकंडरीआधी गोट सीरम लावलं, तर अख्खी स्लाइड उजळते. गाईचं आयजीजीही शेळीच्या जवळचं, त्यामुळे अशा वेळी दूध पावडरही टाळा.

‘क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड केव्हाही सरसच.’ गाळताना कामाच्या अँटिबॉडीही जातात आणि सिग्नल उतरतो. एकच प्रायमरी असेल आणि नमुन्यात दुसरं आयजीजी नसेल, तर साधी सेकंडरी पुरते.