घरी नेट घेताय? स्पीड नंतर विचारा, आधी विचारा वायर तुटल्यावर कोण येणार

गावात आता नेट विकायला एक नाही, तीन-चार जण येतात. एक बीएसएनएलच्या फायबरचा, एक मोठ्या खासगी कंपनीचा, एक तालुक्यातला केबलवाला आणि एक गच्चीवर डबा बसवून देणारा. दूध डेअरीच्या भिंतीवर, चहाच्या टपरीवर '१०० एमबीपीएस, फक्त अमुक रुपये' अशी पत्रकं दिसतात. पैसे भरताना सगळे एकच प्रश्न विचारतात : स्पीड किती? सहा महिन्यांनी तक्रारही बहुतेकांची एकच असते, पण ती स्पीडची नसते : 'चार दिवस झाले नेट बंद आहे, माणूसच येत नाही.'

नेट बंद पडलं म्हणजे फक्त पिक्चर बघायचा राहिला असं नाही. सीईटीच्या फॉर्मची शेवटची तारीख असते, शिष्यवृत्तीची कागदपत्रं अपलोड करायची असतात, पुण्यातल्या कंपनीचं काम गावातून करणाऱ्या मुलीची मीटिंग असते. त्यात वर्षभराचे पैसे आधीच भरलेले असले, तर दुसरीकडे जाताही येत नाही. म्हणून कनेक्शन घेण्याआधी काय बघायचं ते एकेक करून पाहू.

वायरचं नेट खरंच लागतं का?

घरात दोन-तीन माणसं, वापर व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि यूपीआय एवढाच, आणि मोबाइलची रेंज बरी असेल, तर रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये भागतं. साध्या, म्हणजे ४८० पी क्वालिटीचा व्हिडिओ तासाला साधारण अर्धा जीबी खातो.

घरात स्मार्ट टीव्ही आला, मुलांचे क्लास ऑनलाइन झाले किंवा गोठ्यावर कॅमेरा बसवला, की हिशेब बदलतो. टीव्हीवरचा फुल एचडी व्हिडिओ तासाला दीड ते अडीच जीबी घेतो. रोजचा डेटा एका सिनेमात संपतो. अशा घराने वायरच्या नेटचा विचार करावा.

गावात नेट कोणत्या वाटांनी येतं?

पहिली वाट फायबरची. काचेच्या केसासारख्या तारेतून प्रकाशाच्या रूपात नेट येतं. घरातल्या साध्या वापरासाठी आजच्या घडीला हाच सगळ्यात भरवशाचा मार्ग. बीएसएनएलचं फायबर असलं तरी खेड्यात शेवटची वायर ओढणारा आणि दुरुस्त करणारा बहुतेक वेळा स्थानिक भागीदार असतो. तालुक्यातला केबलवालाही अनेकदा एखाद्या परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी असतो. पत्रकावर नाव कुणाचंही असो, तुमचा संबंध येणार तो या शेवटच्या माणसाशी.

इथे 'भारतनेट'बद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही केंद्राची योजना २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित टप्प्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पण केबल ग्रामपंचायतीच्या खोलीत आली म्हणजे ती तुमच्या घरात आली असं नाही. ती चालू आहे का, आणि तिच्यावरून घरांना कनेक्शन कोण देतं, हे ग्रामसेवकाला किंवा तालुक्याच्या बीएसएनएल ऑफिसात विचारा.

दुसरी वाट एअरफायबरची. मोठ्या कंपन्यांनी २०२३ मध्ये ही सेवा सुरू केली. नावात फायबर असलं तरी घरापर्यंत वायर नसते. गच्चीवरचा डबा जवळच्या ५जी टॉवरवरून सिग्नल घेतो. माण-खटावच्या मोकळ्या माळावर टॉवर समोर दिसत असेल तर हे छान चालू शकतं. पाटण-जावळीच्या दरीत मध्ये डोंगराची सोंड आली, की हाच डबा निरुपयोगी ठरू शकतो. शिवाय तोच टॉवर सगळ्यांचे मोबाइलही चालवतो, त्यामुळे रात्री आठ ते दहा गर्दीच्या वेळी स्पीड खाली येऊ शकतो.

तिसरी वाट स्थानिक रेडिओ लिंकची. केबलवाला उंच जागी अँटेना लावतो, त्याच्या समोर तुमच्या घरावर छोटी डिश. गावापासून लांबच्या वस्तीला कधीकधी एवढाच पर्याय उरतो. दोन अँटेनांच्या मध्ये काही येता कामा नये, झाड वाढलं तरी फरक पडतो. उन्हाळ्यात जोडणी घेतली असेल तर पावसाळ्यात झाडं पानांनी भरल्यावर काय होईल, ते आधीच बघून घ्या.

वायर कुठून येते, ते चालत जाऊन बघा

फायबर घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी एक काम करा. वायर ज्या पेटीतून तुमच्या घरी येणार, तिथपर्यंत चालत जा.

वायर खांबावरून लोंबत येत असेल तर रस्ता ओलांडताना ती किती उंचीवर आहे ते बघा. कराड-फलटणच्या ऊस पट्ट्यात गाळप सुरू झालं की उसाने भरलेल्या ट्रॉल्या निघतात आणि खाली आलेली वायर त्यात अडकून तुटते. वायर जमिनीतून येत असेल तर धोका जेसीबीचा. रस्ता रुंदीकरण, पाण्याची पाइपलाइन, गटाराचं काम, कशातही ती तुटू शकते.

वायर तुटणारच नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रश्न तुटल्यावर किती वेळात जोडली जाते हा आहे. फायबर लाईटच्या वायरीसारखी पिळून, टेप लावून जोडता येत नाही. नीट जोड द्यायला स्प्लायसिंगचं मशीन लागतं. म्हणून ऑपरेटरला सरळ विचारा : मशीन तुमच्याकडे आहे की तालुक्याहून मागवता? जोडणारी माणसं किती? रविवारी येतात का? तालुक्याहून गावाकडे येणारी मेन लाईन एकच आहे की दुसरीही आहे? दुसरी असेल तर एक तुटल्यावर सगळं गाव बंद पडत नाही.

उत्तर ऑपरेटरकडून घ्या, पण खात्री शेजाऱ्याकडून करा. त्याच कंपनीचं नेट वापरणाऱ्या दोन-तीन घरांत विचारा : मागच्या पावसाळ्यात किती वेळा बंद पडलं, आणि सगळ्यात जास्त किती दिवस? मग रात्री नऊच्या सुमारास त्यांच्याच राउटरजवळ उभं राहून ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपवर किंवा दुसऱ्या एखाद्या स्पीड टेस्टवर स्पीड बघा. दुपारी दोनचा स्पीड बघून फार काही कळत नाही.

लाईट गेली की नेट जातं का?

घरातला नेटचा डबा आणि राउटर विजेवर चालतात. साध्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो, तो हजार-दीड हजारांच्या आसपास मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

पण तुमच्या घरी यूपीएस असून उपयोग नाही, जर पलीकडचं मशीन बंद पडत असेल. चांगल्या फायबर जोडणीत मधल्या पेट्यांना वीज लागत नाही, फक्त ऑपरेटरच्या मुख्य मशीनला लागते. काही ठिकाणी मात्र ऑपरेटर मध्येच कुणाच्या तरी घरी किंवा दुकानात स्विच ठेवतो. त्या घराची लाईट गेली की पुढची सगळी घरं बंद. म्हणून 'लाईट गेल्यावर तुमचं मशीन किती तास चालतं?' हा प्रश्न विचाराच. शेतातल्या वस्तीवर, जिथे वीज शेतीच्या फीडरवरून येते, तिथे तर हा पहिला प्रश्न.

किती एमबीपीएस पुरे?

एमबीपीएस आणि एमबी यांत आठ पटीचा फरक आहे. १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरतात. पत्रकावरचा आकडा आणि डाउनलोड होताना दिसणारा आकडा जुळत नाही, तो बहुतेक वेळा यामुळे.

फुल एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे एक टीव्ही, दोन मोबाइल आणि एक ऑनलाइन क्लास असलेल्या घराला खरे ३० ते ४० एमबीपीएस पुरतात. 'खरे' हा शब्द महत्त्वाचा. रात्री नऊला ३० देणारी लाईन ही कागदावर १५० आणि प्रत्यक्षात ८ देणाऱ्या लाईनपेक्षा चांगली. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येत तर २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं तरी त्याला ब्रॉडबँड म्हणतात. त्यामुळे नुसत्या 'ब्रॉडबँड' शब्दावर जाऊ नका.

अपलोडचा स्पीडही विचारा. व्हिडिओ कॉल, कॅमेरा आणि फॉर्मची कागदपत्रं यांना तोच लागतो.

अनलिमिटेड म्हणजे किती? आणि खरा खर्च?

'अनलिमिटेड'लाही बहुधा मर्यादा असते. ठरावीक जीबी संपले की स्पीड कमी केला जातो, याला एफयूपी म्हणतात. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये ही मर्यादा महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास असते, ती साध्या घराला संपत नाही. एअरफायबरमध्ये मात्र ती बरीच कमी असू शकते. मर्यादा किती आणि नंतर स्पीड किती, दोन्ही आकडे विचारून घ्या.

पत्रकावरच्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला आहे का, तेही बघा. समजा ४९९ चा प्लॅन आहे. जीएसटी धरून तो ५८९ रुपयांना पडतो, म्हणजे वर्षाला ७,०६६ रुपये. त्यात जोडणीचा खर्च, राउटरचं डिपॉझिट, टीव्हीचे चॅनेल घेतले तर ते वेगळे. प्लॅन २८ दिवसांचा असेल तर वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक-दोन महिने फुकट, ही ऑफर सगळीकडे असते. नवीन ऑपरेटरकडे आधी एक महिना, फार तर तीन महिने घ्या. एक पावसाळा नीट गेला की मग वर्षाचा विचार करा. सूट सोडावी लागली तरी हरकत नाही, अडकलेले पैसे त्याहून महाग पडतात.

परवाना आणि बिल

दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमचा पिनकोड टाकून त्या भागात वायरचं नेट देणाऱ्या कंपन्या शोधता येतात. तुमच्या ऑपरेटरच्या बिलावर ज्या कंपनीचं नाव येणार, ती त्यात आहे का बघा. बिल मिळणारच नसेल, नुसती वहीत नोंद होत असेल, तर पुढे तक्रार करायची वेळ आली की हातात काही राहत नाही. कनेक्शन स्वतःच्या नावावर घ्या. आधारची झेरॉक्स देताना त्यावर तारीख आणि कशासाठी दिली ते लिहा. जोडणी झाल्यावर वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला.

बंद पडलं तर काय करायचं?

आधी घरातला डबा बघा. 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर फायबर कुठेतरी तुटली किंवा दबली आहे, राउटर बंद-चालू करून उपयोग नाही. लाल दिवा नसेल आणि फक्त आतल्या खोलीत नेट येत नसेल, तर दोष वायफायचा. राउटर कपाटात किंवा कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. जाड दगडी किंवा मातीच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय लवकर कमजोर होतं, तिथे २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा.

लाईनचा दोष असेल तर वायरमनला फोन करा, पण तेवढ्यावर थांबू नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. नुसत्या फोनचा पुरावा राहत नाही, नंबरचा राहतो. त्यातून काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला फी नाही. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दूरसंचार कंपनीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

पैसे देण्याआधी हे विचारा

१. वायर तुटली तर किती तासांत जोडता? मशीन कुणाकडे आहे?
२. लाईट गेल्यावर तुमचं मशीन किती वेळ चालतं?
३. याच आळीत तुमचे ग्राहक कोण? (त्यांना जाऊन भेटा.)
४. रात्री नऊला डाउनलोड आणि अपलोड किती मिळतं?
५. एफयूपी किती, त्यानंतर स्पीड किती?
६. जीएसटी, जोडणी, डिपॉझिट धरून एकूण किती? डिपॉझिट परत कधी मिळेल?
७. बिल कोणत्या कंपनीच्या नावाने येईल?
८. नेट काही दिवस बंद राहिलं तर तेवढे दिवस प्लॅन वाढवून देणार का? (हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.)

या आठ प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा ऑपरेटर पन्नास रुपये महाग असला, तरी त्याच्याकडूनच घ्या.