बोटीतला हीटर उन्हाळ्याच्या तोंडावरच का गळतो? हिवाळ्यात विसरलेल्या थोड्याशा पाण्याचा हा प्रताप!

फ्रीजरमध्ये पाण्याने काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरली की काय होतं? बाटली तडकते! अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा थंड राज्यांत काही बोटींच्या बाबतीत नेमकं हेच घडतं. फक्त तिथे तडकते ती बाटली नाही, तर बोटीतला हीटर. आणि बोट पुन्हा सुरू करेपर्यंत कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

बोटीत हीटर कशाला?

मिनेसोटात १० हजारांहून जास्त तळी आहेत, पण बोटिंगचा हंगाम छोटा. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी हवा चांगलीच गार असते. म्हणून वॉटर स्कीइंग आणि वेकबोर्डिंगच्या बऱ्याच बोटींत हीटर असतो. त्याची रचना मोटारीतल्या हीटरसारखीच. इंजिनातलं गरम पाणी एका होजमधून येतं, बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरतं आणि दुसऱ्या होजमधून परत जातं. पंखा या जाळीवरून हवा फेकतो आणि बसलेल्यांना ऊब मिळते.

एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. मोटारीत कूलंट असतं, तर अशा अनेक बोटींचं इंजिन थेट तळ्याच्या पाण्यानेच थंड केलं जातं. म्हणजे हीटरमध्येही साधं पाणीच असतं.

मग चूक कुठे होते?

थंडीआधी बोट बाहेर काढून तिच्यातलं पाणी काढून टाकतात. याला म्हणतात विंटरायझेशन. इंजिनाचे ड्रेन प्लग उघडले, पाणी वाहून गेलं, की काम झालं असं वाटतं. पण हीटर असतो इंजिनापासून लांब आणि त्याच्या होज वर-खाली वळत गेलेल्या. त्यामुळे इंजिन रिकामं झालं तरी हीटरमध्ये पाणी अडकून राहतं.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. बर्फाला पसरायला जागा मिळाली नाही की जाळीच्या पातळ नळ्या उभ्या चिरतात. गंमत म्हणजे थंडीत थेंबही गळत नाही, कारण चिरेत बर्फच बसलेला असतो. बर्फ वितळल्यावर थोडंसं पाणी निघून जातं. खरी गळती दिसते ती इंजिन सुरू होऊन पंप दाबाने पाणी ढकलू लागला की!

गळती छोटी, धोका मोठा

हे पाणी जमा होतं बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी. तिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. इंजिन चालू असेपर्यंत पंप तळ्यातलं पाणी बोटीत ओतत राहतो. हीटर पाण्याच्या पातळीखाली असेल तर इंजिन बंद केल्यावरही गळती चालू राहू शकते. अशा वेळी बिल्ज पंपही बिघडलेला असेल, तर बोट बुडण्याची वेळ येऊ शकते.

गळती सापडली तर?

आधी इंजिन बंद करायचं आणि बिल्ज पंप चालतोय का ते बघायचं. मग गळणारं पाणी तपासायचं. ते स्वच्छ असेल तर तळ्याचं. रंगीत आणि बुळबुळीत असेल तर इंजिनात बंदिस्त कूलंट आहे. असं कूलंट पंपाने तळ्यात जाऊ न देता भांड्यात गोळा करतात. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असतं, कुत्र्यांच्या जिवावर बेततं.

तात्पुरता उपाय म्हणजे हीटरला वगळणं. त्याच्या दोन्ही होज काढून जोडणीच्या तुकड्याने एकमेकींना जोडतात आणि क्लॅम्प घट्ट आवळतात. हीटर बंद राहतो, पण बोट चालते. चिरलेल्या जाळीला डाग देता येतो, पण थंडीने बहुतेकदा एकापेक्षा जास्त नळ्या फुटतात. त्यामुळे जाळी बदलणंच परवडतं.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही. हीटर गोठला, तर इंजिनाचा ब्लॉकही गोठला असू शकतो! डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय असं समजून इंजिन अजिबात सुरू करायचं नाही. मेकॅनिकला बोलवायचं. हीटर बदलण्यापेक्षा ब्लॉकचा खर्च कितीतरी जास्त असतो, आणि अनेक विमा पॉलिसींमध्ये गोठून झालेलं नुकसान धरलेलंच नसतं.

पुढच्या हिवाळ्याआधी

उपाय सोपा आहे. हीटरच्या दोन्ही होज काढायच्या आणि एका बाजूने हलकी हवा फुंकून दुसरीकडून पाणी पूर्ण बाहेर काढायचं. कॉम्प्रेसरचा जोर लावला तर जाळीच फाटू शकते. त्यानंतर गुलाबी रंगाचं प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ आत सोडतात. आत पाणी उरलं असेल तर ते पातळ होतं आणि त्याचा उपयोग कमी होतो. म्हणून दुसऱ्या टोकाने गडद गुलाबी रंग येईपर्यंत ते सोडत राहायचं.

आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पहिली चाचणी तळ्यात नको, अंगणात! बोट ट्रेलरवरच ठेवून, कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे इंजिनाला बागेच्या नळाचं पाणी द्यायचं आणि हीटरखाली कोरडा कागद ठेवायचा. कागद ओला झाला तर नुकसान फक्त हीटरचं. हीच गळती तळ्याच्या मधोमध कळली, तर प्रश्न बोटीचा आणि त्यात बसलेल्या माणसांचा असतो.