दुधाचे दात पडतील, कमान राहील

गेल्या हिवाळ्यात काही कामानिमित्त आमचे ग्वाल्हेरला जाणे झाले. शिंद्यांच्या मागोमाग उत्तरेत गेलेली मराठी घराणी तेथील लष्कर भागात आजही नांदत आहेत. त्यांपैकी एका घरी आमचा मुक्काम होता. घरात सात वर्षांचा एक नातू. जन्मतः त्याचा ओठ व टाळू दोन्ही दुभंगलेली. ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू दीड वर्षाचा असताना. शिवण इतकी नाजूक की प्रथमदर्शनी ध्यानातही येऊ नये. परंतु मुलगा हसला की वरचे दात खालच्या दातांच्या आत बसलेले दिसत, आणि बोलताना शब्द थोडे नाकातून येत.

एके सकाळी त्याच्या आजीबाई आम्हांला तानसेनाची समाधी दाखवावयास घेऊन गेल्या. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की कंठ गोड होतो, अशी तेथील पूर्वापार समजूत आहे. आजीबाईंनी चार पाने नातवाच्या तोंडात घातली आणि म्हणाल्या, "फादर, आवाजाला हा पाला आहेच. दातांचं म्हणाल तर ते दुधाचे. पडतील, नि नवे सरळ येतील."

पहिली समजूत निरुपद्रवी आहे. दुसरीने मात्र मुलाचे नुकसान होते, आणि ती आमच्या गावांतूनही घरोघर ऐकू येते. म्हणून हा लेखनप्रपंच.

येथे टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावर तेल घालतो ती नव्हे. तोंडाचे छत ते टाळू. शाळेत आपण घोकलेली वर्णमाला या छताभोवतीच रचलेली आहे: च-वर्ग तालव्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य. छतास भगदाड असेल तर वारा नाकातून निसटतो आणि 'बाबा' म्हणू पाहणाऱ्या लेकराच्या तोंडून 'मामा' निघते. हे छत पुढून व दोन्ही बाजूंनी ज्या हाडाच्या महिरपीवर टेकलेले असते, ती दातांची कमान. दात तिच्यात रोवलेले असतात. दात पडतात, पण कमान तीच राहते.

पूर्ण दुभंगात ही कमानच दोन तुकड्यांची असते. ओठ शिवला की त्याचे स्नायू पट्ट्यासारखे बाहेरून दाबू लागतात व दुरावलेले तुकडे जवळ येतात. एवढे चांगलेच. परंतु मध्ये हाड नसल्यामुळे ते कधी प्रमाणाबाहेर आत सरकतात. पुढे टाळू शिवली जाते आणि तेथे व्रण उरतो. भाजलेल्या हातावरचा व्रण बोटे कशी आखडून धरतो, ते पुष्कळांनी पाहिले असेल. टाळूवरचा व्रणही तसाच; मूल वाढते, तो त्या मानाने ताणत नाही. मग वरची कमान अरुंद राहते, जबडा पुढे येत नाही, आणि नवे दात त्याच आखडलेल्या जागेत दाटीवाटीने उगवतात.

हे कळले कसे, ती हकीकत मोठी उद्बोधक आहे. १९८४ पासून मायकेल मार्स या इंग्रज दंतवैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेत अशा रुग्णांची तपासणी आरंभिली. तेथे कधीच शस्त्रक्रिया न झालेली प्रौढ माणसे त्यांना भेटली, आणि त्यांचे वरचे जबडे चांगले वाढलेले आढळले! म्हणजे वाढ खुंटण्यास जन्मजात दोषापेक्षा शिवणीचा व्रणच अधिक कारण. मग टाळू शिवूच नये काय? तसे मुळीच नव्हे. त्या माणसांचे जबडे उत्तम होते, पण वाचा सदोष राहिली होती. वाचेसाठी टाळू लवकर शिवावीच लागते, साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. त्यापायी कमानीवर जो भार पडतो, तो पुढे वर्षानुवर्षे लक्ष ठेवून हलका करावयाचा असतो. नेमके येथेच आपण चुकतो. ओठ सुंदर झाला, फोटो निघाला, की दवाखान्याची वाट बंद!

वास्तविक सात-आठ वर्षांच्या सुमारास दंतवैद्याने मुलास पुन्हा पाहिलेच पाहिजे. आखडलेली कमान तारेच्या साधनाने हळूहळू रुंद करता येते. नंतर, बहुधा आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा फुटण्यापूर्वी, कमरेच्या हाडातील थोडा मगज काढून हिरडीच्या फटीत भरतात. १९७२ साली बॉइन व सँड्स या अमेरिकन शल्यविशारदांनी ही पद्धत मांडली. भरलेल्या हाडातून सुळा पुष्कळदा आपसूक खाली उतरतो आणि दुभंगलेली कमान एकसंध होते. ही वेळ टळली तर उपाय संपत नाहीत, पण ते अवघड होतात.

आणखी एक गोष्ट आजीबाईंनी दबक्या आवाजात सांगितली: सूनबाईंनी ग्रहणात विळी हाती धरली होती म्हणे. ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. तेव्हा कित्येकींना आपले दिवस गेल्याचे जेमतेम कळलेले असते. आनुवंशिकता, गर्भारपणी तंबाखूचा धूर, काही औषधे अशी कारणे ठाऊक आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ग्रहण व विळी त्यांत नाहीत. जगात सुमारे सातशे जन्मांमागे एक बालक असे जन्मते. तितक्या मातांनी विळी धरली असेल काय?

खर्चाची धास्ती घेणाऱ्यांसाठी सांगतो: २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ओठ व टाळू दुभंगलेल्या मुलांचा समावेश आहे, आणि अठरा वर्षांपर्यंतची मुले त्यात मोडतात. अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

निघण्याच्या दिवशी आजीबाईंनी दंतवैद्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून घेतली. मग हळूच विचारले, "आणि फादर, पाल्याचं काय करू?"

"कोवळा असेल तर चटणी करा," आम्ही म्हणालो.